तिच्याशी मराठीतच बोला

आमच्या भागातल्या मराठी महिला मंडळानं मला वीस मिनिटं दिली आहेत. विषय आहे, लहान मुलांच्या आयांसाठी उपयोगी टिप्स. बोलावणं घेऊन आलेली मुलगी माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी लहान, कडेवर तिचं वर्षाचं बाळ. जाता जाता दारात वळून म्हणाली, "ताई, जरा पॉझिटिव्ह ठेवा हं. सगळ्या नव्या मम्मी येणार आहेत, बिचाऱ्या आधीच परेशान असतात."

मी हो म्हटलं आणि कागद घेऊन बसले. सुरुवात झकास झाली. नखं बाळ झोपेत असताना कापा. जागेपणी कापायला जाल तर दोघंही रडाल. औषध जिभेवर टाकू नका, ते तुमच्याच कुर्त्यावर परत येतं. ड्रॉपरनं गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडा. बाळ झोपलं की तुम्हीही झोपा, भांडी कुठे पळून जात नाहीत. दुसऱ्याचं बाळ किती महिन्यांनी बसलं, किती महिन्यांनी रांगलं, हे विचारायला जाऊ नका आणि सांगायला आलेल्या बाईला चहा विचारू नका. आणि 'मी कशी आई आहे' हा प्रश्न संध्याकाळी सहा ते आठ या वेळात स्वतःला अजिबात विचारायचा नाही. त्या वेळात सगळ्याच आया वाईट असतात.

इथपर्यंत ठीक आहे. हे कुणीही सांगेल. पण मला जे खरोखर सांगायचं आहे ते वीस मिनिटांत मावणार नाही आणि ते पॉझिटिव्हही नाही, म्हणून ते इथे लिहिते आहे.

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, आणि हे मला ती तीन वर्षं दोन महिन्यांची होईपर्यंत कळलं नाही. 'कळलं नाही' हेही खोटंच. मी स्वतःला कळू दिलं नाही.

आमचं सासर इंदूरचं जुनं मराठी घर. माझ्या नवऱ्याचे पणजोबा संस्थानच्या दप्तरात होते, त्यानंतरच्या पिढ्या सरकारी कचेऱ्यांमधून आणि शाळांमधून. सासरे मी लग्न होऊन आले त्याआधीच गेले होते. घरात सासूबाई, नवरा आणि मी. सासूबाई शाळेतून निवृत्त झालेल्या, ताठ, नीटनेटक्या, आणि एका बाबतीत कमालीच्या हळव्या: मराठी. पुण्याचे नातेवाईक आले की आमच्या बोलण्यावर हसायचे. "तुम्ही इंदूरकर म्हणजे हिंदीच बोलता, फक्त शेवटी 'आहे' लावता." आम्हीही हसायचो, पण सासूबाईंना ते लागायचं. त्यांच्या दोन्ही पुतण्यांची मुलं मराठीत उत्तरच देत नसत. एका लग्नात त्यांनी पुतण्याच्या मुलाला जवळ घेऊन मराठीत काहीतरी विचारलं, तर तो आईकडे बघून म्हणाला, "दादी क्या बोल रही हैं?" त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

म्हणून मला दिवस गेले तेव्हा आम्ही तिघांनी ठरवलं की आपल्या बाळाशी फक्त मराठीत बोलायचं. बाहेर हिंदी आहेच, इंग्रजी शाळेत येईलच. घरात मात्र शुद्ध मराठी. मी स्वतः 'मला ठंडी लागते' आणि 'भाजी बनवते' म्हणणारी, त्यामुळे माझा उत्साह सगळ्यांत जास्त. सासूबाईंनी एक नियम काढला. बाळासमोर कुणाच्या तोंडून हिंदी शब्द निसटला की त्या टाळी वाजवायच्या. मी "अगं बघ, बारिश" म्हटलं की टाळी. नवरा "चलो, चलो" म्हणाला की टाळी. आमच्या घरात दिवसाला पन्नास टाळ्या तरी वाजत असतील, आणि सासूबाईंची टाळी म्हणजे वर्गातल्या शेवटच्या बाकावरचं पोरगं जागं करणारी. कप हातातून सुटेल इतकी मी दचकायचे.

पाळण्यातली मुलगी दचकत नव्हती. आमच्यापैकी एकाच्याही ते लक्षात आलं नाही.

उलट आम्ही मिरवायचो. काय गुणाची पोर! कुकरच्या शिट्ट्या होऊ देत, मिक्सर लागू दे, दिवाळीत गल्लीत फटाक्यांच्या लडी फुटू देत, ही आपली शांत झोपलेली. शेजारणींची बाळं फटाक्यांनी रडून हैराण, आणि मी गॅलरीत उभी राहून सांगत होते की आमच्याकडे असला काही त्रास नाही, बरं का. आज ते आठवलं की मला त्या गॅलरीतल्या बाईच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

तेव्हा आमच्याकडे भांड्यांना आणि बाळाच्या मालिशला सांवेरकडची एक बाई यायची. पन्नाशीची, पाच मुलं वाढवलेली, हात खडबडीत, पण बाळाच्या अंगावर तेच हात लोण्यासारखे फिरायचे. पायांवर बाळ आडवं घेऊन ती माळवीत गाणी म्हणायची, बोलायची, हसायची. मुलगी अकरा महिन्यांची असताना एके दिवशी तिनं गाणं मध्येच थांबवलं. बाळाला पालथं केलं आणि त्याच्या मागे चुटकी वाजवली. परत वाजवली. मग तेलाची वाटी फरशीवर ठेवून मला म्हणाली, "भाभी, म्हारे तो लागे के छोरी सुणे नी."

पोरीला ऐकू येत नाही असं मला वाटतं, एवढंच ती म्हणाली. मला इतका राग आला की कानशिलं तापली. मी म्हटलं, "कुछ भी मत बोला करो." आत जाऊन सासूबाईंना सांगितलं. त्यांनी शांतपणे स्टीलची परात उचलली, मुलीच्या मागे चार हातांवर उभ्या राहिल्या आणि परात फरशीवर आपटली. मुलगी बसल्या जागी वळली आणि परातीकडे बघून हसली. "बघ," सासूबाई म्हणाल्या. बाईनं मान खाली घालून तेलाची वाटी उचलली.

ती जमिनीच्या थरथरीनं वळली होती. ती फरशीवर बसली होती, परात फरशीवर पडली होती. हे मला कितीतरी नंतर एका थेरपिस्टनं समजावून सांगितलं. म्हणून माझी पहिली खरी टिप ही: घरी परात आपटून, दार वाजवून, टाळ्या पिटून मुलाचे कान तपासू नका. मूल जमिनीचा धक्का ओळखतं, वाऱ्याची झुळूक ओळखतं, तुमची सावली ओळखतं, समोरच्या माणसाचं तोंड बघून मागे वळतं. मुलं आपल्याला वाटतात त्यापेक्षा फार हुशार असतात, आणि ती हुशारीच आपल्याला फसवते. आमच्याकडे सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते, तेव्हा माझी मुलगी माझ्या आधी दाराशी पोचायची. मी सगळ्यांना सांगत असे, बघा, गाणं ऐकून कशी धावते! मला डबा उचलताना बघून ती धावत होती.

त्या दिवसानंतर आमचं एकमत झालं की बाईची माळवी बाळाला गोंधळात टाकते. सासूबाई म्हणाल्या, "एकीकडे आपलं मराठी, एकीकडे हिचं माळवी, टीव्हीवर हिंदी. पोरीनं धरायचं तरी काय?" मी बाईला सांगितलं की आता मालिशची गरज नाही. भांड्यांचं काम तिनं आणखी महिनाभर केलं आणि मग सोडलं. जाताना तिनं मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, माझ्याकडे बघितलं नाही.

दीड वर्षाच्या लसीला मी तिला मुलांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी विचारलं, "कितने शब्द बोलती है?" माझं उत्तर तयारच होतं. "सर, घर में मराठी, बाहर हिंदी, इसलिए थोड़ी कन्फ्यूज है." त्यांनी मान हलवली. "हो सकता है. फिर भी एक बार कानों की जाँच करवा लीजिए." आणि एका चिठ्ठीवर तपासणीचं नाव लिहून दिलं.

मी ती चिठ्ठी लसीच्या फाईलमध्ये मागच्या कप्प्यात घातली. घरी आल्यावर सासूबाईंनी आणि नवऱ्यानं विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, हो सकता है. दोन भाषांमुळे होतं."

सासूबाईंनी टाळी वाजवली, 'हो सकता है' साठी. आम्ही सगळे हसलो.

चिठ्ठीचं हे मी मागच्या महिन्यापर्यंत कुणाला सांगितलेलं नव्हतं. मी का केलं ते? घाबरले म्हणून. बाईनं म्हटलं होतं ते माझ्या मनात रुतून बसलं होतं, आणि चिठ्ठी बाहेर काढली असती तर ते खरं ठरलं असतं. चिठ्ठी कप्प्यात असेपर्यंत माझी मुलगी फक्त उशिरा बोलणारी होती. उशिरा बोलणाऱ्या मुलांच्या गोष्टी तर प्रत्येक घरात असतात. आमच्याकडे माझा नवराच चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता, आणि सासूबाईंच्या म्हणण्याप्रमाणे नंतर जो सुरू झाला तो अजून थांबलेला नाही.

पुढची दीड-पावणेदोन वर्षं मी जे केलं त्याला मेहनत म्हणतात. टीव्ही बंद केला. संध्याकाळी बागेत नेणं बंद केलं, कारण तिथली मुलं हिंदी बोलायची. प्लेस्कूलला घातलं नाही. सकाळपासून मी तिच्याशी बोलत असायचे. हा कांदा. ही कोथिंबीर. हे बघ, दूध उतू गेलं. चिऊ आली, काऊ आला. घसा बसायचा. ती माझ्यासमोर बसून माझी हनुवटी दोन्ही हातांनी धरायची आणि माझं तोंड स्वतःकडे वळवायची. मी सगळ्यांना कौतुकानं सांगायचे, किती मायाळू आहे बघा, मी दुसरीकडे बघितलेलं चालत नाही हिला.

माझ्या तोंडात काय चाललंय ते बघायला धडपडत होती ती. आणि मी तिला त्या घरात, दोन बायकांमध्ये, दुसरं एकही मूल नसलेल्या खोलीत कोंडून ठेवलं होतं. चांगल्या मराठीसाठी.

एक गोष्ट मला या आयांना जरूर सांगायची आहे. घरात दोन भाषा असल्या म्हणून मूल मुकं राहत नाही. तीन असल्या तरी नाही. माझ्या आजूबाजूला सगळी मुलं मराठी, हिंदी, माळवीची खिचडी खाऊनच वाढली आहेत आणि तोंड बंद करा म्हणेपर्यंत बोलतात. उशीर झालाच तर थोडाफार. वर्षाचं मूल एकही अर्थाचा आवाज काढत नसेल, नावानं हाक मारल्यावर वळत नसेल, तर कारणं शोधत बसू नका. कारण सापडतंच. घरातल्या प्रत्येकाकडे एक तरी तयार असतं. तुम्ही तपासणीला जा.

मला कळलं ते असं. थंडीचे दिवस होते, सकाळी गल्लीत भाजीची गाडी आली होती. मी मटार निवडायला तिचा हात सोडला. ती रस्त्याच्या मधोमध चकचकीत कागद उचलायला वाकली. मागून एक स्कूटरवाला येत होता, त्यानं हॉर्न वाजवला. मग वाजवतच राहिला. भाजीवाला वळला, मी वळले, समोरच्या ओट्यावर झोपलेलं कुत्रं उठून उभं राहिलं. ती कागद उलगडत होती.

स्कूटर तिच्यापासून हातभर अंतरावर तिरकी होऊन थांबली. माणूस चांगला असावा, कारण तो थरथरत होता. तो माझ्यावर ओरडला, "भाभीजी, सुनती नहीं है क्या ये?"

रस्त्यात आडवं आलेल्या कुणालाही लोक हेच म्हणतात. त्याला उत्तर अपेक्षित नव्हतं. मी म्हटलं, "नहीं, भिया. नहीं सुनती."

माझ्या तोंडून ते पहिल्यांदा निघालं, आणि एका अनोळखी माणसासमोर. त्याचा चेहरा पडला. तो "सॉरी भाभीजी" म्हणाला आणि स्कूटर ढकलत बाजूला गेला. मटार तिथेच टाकून मी तिला उचलून घरी आले आणि फाईलमधली चिठ्ठी काढली. घडीवर कागद पिवळा पडायला लागला होता.

तपासणीत मूल झोपवून त्याच्या डोक्याला तारा लावतात, दुखत काही नाही. ती शांत झोपली, नेहमीसारखी. दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. कानाच्या डॉक्टरांनी सगळं नीट समजावून सांगितलं. काही महिने कानातली साधी यंत्रं लावून बघू, त्यानं भागलं नाही तर ऑपरेशन करून आत एक यंत्र बसवता येईल, बाहेर कानामागे दुसरा भाग राहील. तिला ऐकू येईल. बोलायला शिकवावं लागेल. बोलता बोलता ते म्हणाले, "थोड़ा पहले आ जाते तो..." आणि माझ्याकडे बघून समोरचे कागद नीट करायला लागले. ऑपरेशन झालं तेव्हा ती साडेतीन वर्षांच्या वर होती.

थेरपिस्टनं पहिल्याच दिवशी विचारलं, "स्कूल किस भाषा में जाएगी? अभी एक ही भाषा रखिए." आता काही जण म्हणतात दोन चालतात, पण आम्हाला तेव्हा एकच सांगितली होती. थेरपी हिंदीत, शाळा हिंदीत, गल्ली हिंदीत. घरी येऊन मी ते सासूबाईंना सांगितलं. मला वाटलं त्या वाद घालतील. त्या डाळ निवडत होत्या, निवडत राहिल्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी टाळ्या वाजवत होते गं. अगदी तिच्या डोक्यावर."

मग ताट बाजूला सारून त्या रडल्या. त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, बारशाला आत्यानं कानात कुर्र करून नाव सांगितलं, तेव्हा मीच म्हटलं होतं, जरा मोठ्यानं सांग, बाळाला ऐकू जाऊ दे. "माझ्या मराठीच्या हट्टापायी झालं हे सगळं," असं त्या म्हणाल्या. त्या दिवशी, आणि नंतर कितीतरी वेळा.

मी त्यांना चिठ्ठीबद्दल सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं: आई, डॉक्टरांनी तेव्हाच तपासायला सांगितलं होतं, मी लपवलं. मी नाही सांगितलं. त्यांनी सगळा दोष आपल्याकडे घेतला आणि मी तो घेऊ दिला, कारण निम्मा उचलायलाही माझ्यात ताकद नव्हती. त्या दिवसापासून त्या नातीशी एक शब्द मराठीत बोलल्या नाहीत. "बेटा, पानी पियोगी? बेटा, देखो, चिड़िया." शाळेत शिकवावं तशा, एकेक शब्द सुटा करून, तिच्यासमोर बसून. घरातल्या भिंतींना ते ऐकून कसं वाटत असेल असं माझ्या मनात यायचं. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. शेवटच्या आठवड्यातसुद्धा नवऱ्याला म्हणाल्या, "माझ्यामुळे पोरीला उशीर झाला रे." मी खोलीत होते. त्यांच्या पायांवर पांघरूण सारखं करत होते.

सांवेरच्या त्या बाईचा मी शोध घेतला. ती देपालपूरला मुलीकडे राहायला गेल्याचं कुणीतरी सांगितलं. तिथपर्यंत मी दोनदा जाऊन आले, पण भेट झाली नाही.

आता धीर द्यायचा भाग, कारण तोही खरा आहे. यंत्र पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा माझी मुलगी रडली. मला वाटलं होतं हसेल. तिला तो काय प्रकार आहे तेच कळेना, ती यंत्र ओढून काढत होती आणि मी पुन्हा लावत होते. असे तीन आठवडे गेले. मग एका सकाळी कचऱ्याची गाडी आली. मी दाराकडे पाठ करून ओट्याशी उभी होते, डबा उचलला नव्हता. ती आतल्या खोलीतून पळत आली आणि दाराकडे बोट दाखवून माझा कुर्ता ओढायला लागली. मी गॅस चालू ठेवून फरशीवर बसले. गाडी निघून गेली, कचरा घरातच राहिला, आणि त्याचं मला काही वाटलं नाही.

अशा मुलांच्या आयांसाठी माझ्याकडे हव्या तितक्या टिप्स आहेत. यंत्र घामानं बिघडतं, म्हणून सुकवणीची डबी नेहमी जवळ ठेवा. रोजच्या कामाचेच शब्द शिकवा, चित्रांच्या पुस्तकातला जिराफ तिला कुठे भेटणार आहे? एक शब्द शंभर वेळा म्हणावा लागतो आणि एकशे एकाव्या वेळी तो येतो, पण नव्व्याण्णव झाल्यावर आई रडते, म्हणून मोजू नका. रंगपंचमीला गेरची मिरवणूक बघायला न्या, पाण्यासाठी यंत्र काढून ठेवावं लागलं तरी न्या. माझी मुलगी बापाच्या खांद्यावर बसून ढोलाची थरथर छातीत ऐकते आणि सगळ्यांपेक्षा जास्त नाचते. लोक वळून बघतील. बघू देत. आणि रोजच्या रोज स्वतःला दोष देऊ नका; त्यानं मुलाला एक शब्दही जास्त येत नाही. हे मी इतरांना सांगते. मला स्वतःला अजून जमलेलं नाही.

मुलगी बोलते. शाळेत जाते, भांडते, उत्तरं देते, बापासारखीच न थांबता बोलते. पण शब्दांच्या कडा पुसट आहेत. 'स' आणि 'श' निसटतात, आवाज एकाच पट्टीत जातो. नवी माणसं दोनदा विचारतात. तिला ते कळतं.

मागच्या महिन्यात थेरपी सेंटरमध्ये मुलांचा छोटा कार्यक्रम होता. तिथे पाच वर्षांच्या एका मुलीनं कविता म्हटली. कानामागे तसंच यंत्र, पण उच्चार स्वच्छ, अगदी टिपटॉप. डोळे मिटून ऐकलं तर यंत्राचा संशयसुद्धा येऊ नये. माझी मुलगी टक लावून तिच्याकडे बघत होती. कार्यक्रमानंतर तिनं त्या मुलीच्या आईला गाठून स्वतःच विचारलं, हिचं ऑपरेशन कधी झालं, आणि ती बाई सहज, कौतुकानं बोलून गेली, "इसका तो ग्यारह महीने में हो गया था, बेटा. जल्दी पता चल गया ना."

घरी आलो तेव्हा दुपार होती. तिनं दप्तर काढलं, वह्या मांडल्या, आणि मग विचारलं, "मम्मी, मेरा कब हुआ था?"

"साढ़े तीन साल में."

"क्यों? पता नहीं चला था?"

पता नहीं चला था, एवढंच म्हणायचं होतं. सगळ्या जगाला मी तेच सांगत आले आहे. तिच्या आजीला तेच वाटत राहिलं, तिच्या बापाला आजही तेच वाटतं. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती, लहानपणी बघायची तशीच, आणि मला खोटं बोलता येईना. मी सांगितलं. मालिशवाल्या बाईला कळलं होतं. तू दीड वर्षाची असतानाच डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती. मी ती ठेवून दिली. दादीची चूक नव्हती, माझी होती. मुझे डर लग रहा था.

ती बोटांवर काहीतरी मोजत होती. म्हणाली, "मतलब दो साल."

"हाँ."

तिनं कानामागचं यंत्र काढलं, डबीत ठेवलं आणि डबीचं झाकण लावलं. मग वही पुढे ओढून गणितं करायला लागली. मी "सॉरी" म्हणत होते, किती वेळा म्हटलं ते मला माहीत नाही, आणि माझ्या लक्षात आलं की ते फक्त मलाच ऐकू येतंय. मी उठून टेबलाच्या पलीकडे गेले आणि तिच्या अगदी समोर बसले, माझे ओठ तिला दिसतील अशी. एकेक शब्द सुटा करून मी पुन्हा सुरुवात केली.

तिनं वर पाहिलं, आणि डोळे मिटून घेतले.

मग मी बोलायचं थांबले.